पल्स रिपेअर चार्जर: कोणती बॅटरी उठते, कोणती नाही

गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी ‘पल्स रिपेअर’ असं बटण असलेला जो छोटा चार्जर मिळतो, तो मी बरेच महिने वापरते आहे. सासऱ्यांची गाडी, माझी गाडी आणि दिरांची गाडी, तिन्हींच्या बॅटऱ्या त्यावर लावून झाल्या. माझं मत आधीच सांगते. चार्जर म्हणून तो पैसे वसूल करून देतो. ‘रिपेअर’ या शब्दाकडे बघून घेणार असाल, तर आधी आपली बॅटरी कशाने बिघडली आहे ते शोधा. हे यंत्र एकाच बिघाडावर काम करतं, खोक्यावर मात्र मेलेली बॅटरी जिवंत करतो असं सरसकट लिहिलेलं असतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्याने वाचणाऱ्याला काही कळणार नाही. हाच पडदा, हीच बटणं, हाच पंखा वेगवेगळ्या नावांनी विकायला असतो. माझा ६ अँपिअरचा आहे. त्यावर साध्या बॅटरीचा, एजीएमचा (बूच नसलेल्या बंद बॅटरीचा एक प्रकार), दुचाकीच्या छोट्या बॅटरीचा आणि रिपेअरचा असे मोड आहेत. पडद्यावर व्होल्टेज, करंट आणि किती टक्के चार्ज झाली ते दिसतं. यातला टक्क्यांचा आकडा सर्वांत कमी विश्वासाचा आहे. त्यावर पुढे लिहिते.

बॅटरी ‘खराब’ होते म्हणजे नक्की काय होतं, हे इथे सांगायलाच हवं. नाहीतर या यंत्राबद्दल बरं बोललं काय आणि वाईट बोललं काय, दोन्ही अर्धवट. शिसं आणि आम्ल यांची ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच संशोधकाने १८५९ साली बनवली आणि आतलं रसायन आजही तेच आहे. एक प्लेट शिशाची, दुसरी लेड डायऑक्साइडची, मधे पातळ केलेलं सल्फ्युरिक आम्ल. हा झाला एक सेल, १२ व्होल्टच्या बॅटरीत असे सहा असतात. बॅटरी वापरली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं आणि आम्ल पातळ होत जातं. चार्ज केली की सल्फेट परत विरघळतं आणि आम्ल पुन्हा दाट होतं. गाडी रोज चालत असेल तर हे चक्र सुरळीत चालू राहतं. गोची होते ती बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की. मग त्या सल्फेटचे बारीक कण एकमेकांना धरून मोठे, टणक स्फटिक होतात. ओलं सिमेंट पाण्याने धुतलं जातं, वाळल्यावर छिन्नी लागते, तशातला प्रकार. यालाच सल्फेशन म्हणतात आणि रिपेअर मोडचा सगळा दावा फक्त याच्यावर आहे.

पण बॅटरी मरायची कारणं आणखीही आहेत. धन प्लेटची जाळी गंजते, आणि उष्णतेत ते काम फार लवकर होतं. प्लेटवरचा लगदा सुटून तळाशी गाळ साचतो आणि तो प्लेटांना टेकला की सेल आतल्या आत शॉर्ट होतो. सेल जोडणारी पट्टी तुटते. डबा तडकतो. यातलं काहीही झालं असेल तर कुठलंही बटण दाबा, उपयोग शून्य. गळून पडलेला लगदा प्लेटवर परत चिकटत नाही.

सासऱ्यांची बॅटरी पहिल्या प्रकारातली निघाली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बाबांना गाडी चालवायला मनाई केली होती आणि गाडी कव्हर घालून उभी होती. आपल्याला वाटतं उभी गाडी काही खात नाही. पण घड्याळ, अलार्म, दरवाज्याचं लॉक हे सगळं गाडी बंद असतानाही थोडं थोडं ओढत असतं. ५० मिलिअँपिअरपर्यंतची ओढ सर्वसाधारण समजतात. हिशोब करा: ०.०५ अँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची. बाबा किल्ली फिरवून म्हणाले, “सेल्फ टकटक करतोय फक्त.” मल्टीमीटरवर ११.४ व्होल्ट, भरलेली असती तर १२.६ च्या आसपास दिसले असते.

बॅटरी बाहेर काढली. आधी ऋण तार सोडायची, मग धन. बसवताना उलट, आधी धन. गाडीची सगळी पत्र्याची बॉडी ऋणाला जोडलेली असते. धन नट सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि ऋण अजून जागेवर असेल, तर ठिणगी नाही, पाना लालबुंद होईल इतका करंट जातो. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं तेही याच कारणाने. धन टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर फुलला होता. खायच्या सोड्याचं पाणी आणि जुना टूथब्रश यांनी तो फसफसत निघून जातो. मात्र त्या वेळी सेलची बुचं घट्ट लावलेली हवीत, सोड्याचं पाणी आत गेलं तर आतलं आम्ल मारतं. नंतर साध्या पाण्याने पुसून, सुकवून, टर्मिनल जोडल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात.

एवढं करूनच पुष्कळ गाड्या सुरू होतात, हे इथे ठासून सांगावंसं वाटतं. टर्मिनल सैल किंवा कुजलेलं असताना माणसं थेट नवी बॅटरी घेऊन येतात. चार्जर विकत घ्यायच्या आधी टर्मिनल साफ करून बघा.

बाबांच्या बॅटरीला बुचं आहेत, हे भाग्य. उघडून टॉर्च मारला तर मधल्या दोन सेलांमध्ये प्लेटांची टोकं कोरडी दिसत होती. डिस्टिल्ड वॉटर घातलं, तेही प्लेटा जेमतेम बुडतील इतकंच. चार्ज होताना पातळी वर येते, त्यामुळे खुणेपर्यंत भरायचं ते चार्जिंग संपल्यावर. आणि फक्त पाणीच घालायचं, आम्ल नाही. उडून जातं ते पाणी, आम्ल आतच असतं. ते सल्फेट होऊन प्लेटेत अडकलेलं असतं. वरून आणखी आम्ल घातलं तर चार्ज झाल्यावर ते प्रमाणाबाहेर दाट होतं आणि जाळी खातं. नळाच्या पाण्यातले क्षार आणि क्लोराइडही चालत नाहीत.

मग चार्जर साध्या मोडवर लावला, आणि इथे त्याची पहिली मोठी खोट दिसली. सुरुवातीला करंट अर्ध्या अँपिअरच्याही खाली, व्होल्टेज मात्र झरझर चढलं आणि थोड्याच वेळात पडद्यावर १०० टक्के आणि ‘फुल’. बाबांना फार आनंद झाला. मी चिमटे काढले, बॅटरी रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी मल्टीमीटर लावला तर ११.९. हायड्रोमीटरने, म्हणजे आम्ल किती दाट आहे ते मोजणाऱ्या नळीने, एकेक सेल बघितला तर सगळीकडे १.१४० च्या आसपास. म्हणजे जवळजवळ रिकामी!

असं होण्याचं कारण सरळ आहे. सल्फेटचा थर वीज आत जाऊ देत नाही. चार्जरला दिसतं ते टर्मिनलवरचं व्होल्टेज. ते लगेच १४.४ ला पोचलं आणि करंट कमी झाला की त्याच्या हिशोबाने काम संपलं. चांगली भरलेली बॅटरी आणि सल्फेटने बंद पडलेली बॅटरी या दोन्ही त्याला सारख्याच दिसतात. यात एकट्या याच चार्जरचा दोष नाही. नुसतं व्होल्टेज बघणारं कुठलंही यंत्र असंच फसेल. पण ज्याच्या खोक्यावर ‘रिपेअर’ लिहिलंय, त्याने निदान हा फरक ओळखायला हवा होता.

म्हणून माझ्या मते या चार्जरसोबत हायड्रोमीटर घेतलाच पाहिजे. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारी काडी, एवढंच ते साधन. चार्जरच्या मानाने किंमत किरकोळ. फुगा दाबून नळी सेलमध्ये घालायची, हळू सोडायचा, काडी नळीच्या भिंतीला न टेकता मोकळी तरंगली पाहिजे. डोळा पातळीच्या रेषेत आणून आकडा वाचायचा. आत हवेचा बुडबुडा काडीला चिकटला असेल तर नळीवर हलकी टिचकी मारायची, नाहीतर आकडा चुकतो. वाचून झालं की आम्ल त्याच सेलमध्ये परत. भरलेल्या बॅटरीत १.२६५ ते १.२८० येतं, अर्ध्या बॅटरीत १.१९० च्या जवळपास, पार उतरलेल्या बॅटरीत १.१२०. नुकतंच पाणी घातलं असेल तर ते वरच राहतं आणि आकडा खोटा कमी येतो, त्यामुळे वाचन चार्जिंगनंतरच घ्यायचं. बाबांनी त्यासाठी वहीत सहा रकाने आखले आणि पेन्सिलीने आकडे लिहायला लागले. त्या वहीने मला चार्जरच्या पडद्यापेक्षा जास्त सांगितलं.

त्यानंतर रिपेअर मोड. यात चार्जर सलग करंट न देता झटक्याझटक्याने देतो आणि व्होल्टेज १५ च्या वर जाताना माझ्या मल्टीमीटरवर दिसतं. म्हणून हा मोड बॅटरी गाडीला जोडलेली असताना लावू नये. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला अल्टरनेटरच्या (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) साडेचौदापर्यंतच्या व्होल्टेजची सवय असते, त्यापलीकडची जोखीम कशाला घ्या? रिपेअर, मग साधं चार्जिंग, मग विश्रांती, मग हायड्रोमीटर, असं आलटून पालटून चालवलं. पहिल्या फेरीनंतर वहीतले आकडे जेमतेम हलले. पण साध्या चार्जिंगला करंट आता जास्त जायला लागला होता आणि तो जास्त वेळ टिकत होता. ही खरी चांगली खूण. मग १.१७०, मग १.२००, आणि शेवटी पाच सेल १.२४५ वर आणि एक १.२२५ वर थांबला. त्यापुढे काही केल्या सरकेना. सेलासेलात ०.०५० पेक्षा जास्त फरक असेल तर तो सेल गेला असं समजतात. इथे फरक ०.०२० होता, म्हणजे सुसह्य.

विश्रांतीनंतर १२.५ व्होल्ट. गाडीत बसवून सेल्फ मारला तेव्हा व्होल्टेज १०.४ पर्यंत खाली गेलं आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. सेल्फ मारताना ते ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरीवर भरवसा ठेवू नये.

आता खरी किती क्षमता परत आली? बॅटरी पुन्हा बाहेर काढून हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब लावला. तो साधारण साडेचार अँपिअर ओढतो. १०.५ व्होल्ट यायच्या आत थांबायचं. सहा तासांच्या आसपास चालला. म्हणजे अंदाजे २७ अँपिअर-तास, ४५ पैकी साठ टक्के. चाचणी झाल्या झाल्या लगेच चार्जला लावली, नाहीतर सल्फेशनचं चक्र पुन्हा सुरू. ही चाचणी उगाच वारंवार करू नये. गाडीची बॅटरी थोडा वेळ जोरात करंट द्यायला बनवलेली असते, पूर्ण रिकामी व्हायला नाही. पण एकदा केली की आपण कुठे आहोत ते कळतं. बाबांच्या गाडीला गावातल्या गावात फिरायला साठ टक्के पुरे आहेत. याच बॅटरीवर मी कडाक्याच्या थंडीत लांबच्या प्रवासाला निघणार नाही.

यात पल्सचा वाटा किती आणि सावकाश चार्जिंगचा किती, हा प्रश्न मला प्रामाणिकपणे पडलेला आहे. बुचांच्या बॅटरीला अधूनमधून कमी करंटवर जरा जास्त व्होल्टेज देऊन सगळे सेल एका पातळीवर आणायची पद्धत पल्स चार्जर यायच्या कितीतरी आधीपासून आहे. त्याला इक्वलायझिंग म्हणतात. त्यात सेल हलके उकळतात, तळाशी बसलेलं दाट आम्ल ढवळलं जातं आणि सल्फेटही काही प्रमाणात विरघळतं. या चार्जरच्या रिपेअर मोडमध्ये नेमकं तेच जास्त व्होल्टेज आणि तोच लांबलेला वेळ आहे. माझा कल असा की श्रेय बरंचसं त्या वेळेला आहे. खोक्यावरच्या ‘स्फटिक फोडणाऱ्या लहरी’ मला वहीत कुठे दिसल्या नाहीत, आकडे मात्र वर गेलेले दिसले.

माझ्या गाडीची बॅटरी दुसऱ्या प्रकारातली. रात्रभर चार्ज करून, विश्रांती देऊनही १०.५ व्होल्ट. हा आकडा दिसला की थांबायचं. एक सेल २.१ व्होल्टचा, सहा सेल मिळून १२.६, त्यातून एक सेल वजा केला की बरोबर १०.५. हायड्रोमीटरने खात्री केली: पाच सेल १.२५० च्या पुढे, तिसरा १.१००. चार्जिंग चालू असताना बाकी पाचांत बुडबुडे येत होते आणि तिसरा निपचित. तो आतून शॉर्ट झाला होता.

अशा वेळी चार्जरने काय करावं? माझ्या मते त्रुटीचा दिवा लावून बंद व्हावं. हा चालूच राहिला. तो १४.४ व्होल्ट सहा सेलांना वाटतोय असं समजतो, पण घेणारे पाचच. म्हणजे दर सेलला जवळजवळ २.९ व्होल्ट. २.४ च्या पुढेच पाण्याचं विघटन जोरात सुरू होतं. डब्याच्या बाजूला हात लावला तर चांगलीच गरम लागली. ताबडतोब प्लगच काढला. या चार्जरची माझ्या लेखी सर्वांत गंभीर उणीव हीच. रिपेअर मोड लावून कुणी झोपायला गेलं आणि बॅटरीत एक सेल शॉर्ट असेल, तर ती गरम होत राहील, पाणी उडत राहील, हायड्रोजन भरत राहील. म्हणून पहिले एक-दोन तास दर थोड्या वेळाने जाऊन हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नाही इतकी गरम झाली तर बंद.

ती बॅटरी मी परत देऊन नवी घेतली. जुनी बॅटरी घरात उघडून आतल्या प्लेटा बदलायचे प्रयोग कृपा करून करू नका. शिसं विषारी आहे, त्याची धूळ अंगाला, फरशीला, मुलांच्या हाताला लागते. आणि तळाचा गाळ धुऊन काढायला बॅटरी उलटी करणं हेही तसंच: आम्ल सांडतं आणि तो गाळ प्लेटांमध्ये जाऊन अडकतो. जुनी बॅटरी परत घेणाऱ्याकडेच द्यावी, तिच्यातलं शिसं वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत जातं.

दिरांच्या गाडीला सिग्नलवर आपोआप बंद होणारं इंजिन आहे, त्यामुळे बॅटरी एजीएम. भाऊजींनी फोनवर विचारलं, “वहिनी, रिपेअर मारू का?” मी स्पष्ट नाही म्हटलं. एजीएममध्ये आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, बूच नसतं, पाणी घालायची सोय नसते. जास्त व्होल्टेजने वायू झाला आणि झडपेतून बाहेर गेला की तेवढं पाणी कायमचं गेलं. माझ्या चार्जरसोबतच्या पत्रकात हे लिहिलं आहे, पण शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. ते रिपेअर बटणाच्या शेजारी लिहायला हवं होतं. त्यांची बॅटरी नुसती उतरली होती. एजीएम मोडवर सावकाश चार्ज केल्यावर ती व्यवस्थित आली, रिपेअरची गरजच पडली नाही.

या सगळ्या काळात शेजारच्या काकांनी एप्सम सॉल्ट घालायचा आग्रह धरला होता. त्यांचा हेतू चांगला आणि हा उपाय ठिकठिकाणी सांगितला जातो, म्हणून नीट लिहिते. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. अमेरिकेत १९५३ साली नेमक्या अशाच पावडरीवरून मोठं प्रकरण झालं होतं. एडी-एक्स२ नावाची ती पावडर, आत सोडियम सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट. नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेने तपासून तिचा बॅटरीला उपयोग नाही असं सांगितलं. त्यावर विक्रेत्यांच्या बाजूने राजकीय दबाव आला आणि ब्युरोचे संचालक अ‍ॅलन अ‍ॅस्टिन यांना पद सोडायला सांगण्यात आलं. शास्त्रज्ञ खवळले, अ‍ॅस्टिन पदावर राहिले आणि नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीने ब्युरोच्या तपासणीला दुजोरा दिला. इतकं होऊनही तोच उपाय आजपर्यंत सांगितला जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्याचा आणखी एक तोटा असा की मीठ घातल्याने द्रव जड होतो आणि हायड्रोमीटरचा आकडा वाढतो. म्हणजे बॅटरी सुधारली नसताना सुधारल्यासारखी दिसते, आणि आपल्या हातातलं एकमेव खरं मोजमाप बिघडून जातं. अ‍ॅस्पिरिनची गोळी घालायचा सल्ला त्याहून वाईट. तिच्यापासून अ‍ॅसिटिक आम्ल तयार होतं आणि ते शिसं खातं.

सुरक्षिततेचं मोजक्या वाक्यांत उरकते, पण एकही वगळू नका. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो, म्हणून खिडकी-दार उघडं, जवळ ज्योत नको, विडी-सिगारेट नको. चिमटे आधी लावायचे, मग प्लग; काढताना आधी प्लग, मग चिमटे, म्हणजे ठिणगी बॅटरीजवळ पडत नाही. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि हातात रबरी मोजे घालायचेच. आम्ल उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, डोळ्यात गेलं तर धुवत धुवत डॉक्टर गाठायचा. डबा फुगलेला, तडकलेला, आतलं पाणी गोठलेलं किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर त्या बॅटरीला चार्जर लावायचाच नाही. तडा इपॉक्सीने बुजवून वापरायची कल्पनाही नको.

चार्जरच्या बारीकसारीक खोडी अशा. चिमट्यांच्या तारा आखूड आहेत, बॅटरी जमिनीवर ठेवली तर चार्जरही जमिनीवरच ठेवावा लागतो आणि आम्लाच्या वायूजवळ येतो. वीज गेली आणि आली की तो रिपेअर मोड विसरतो आणि साध्या मोडवर सुरू होतो. रात्री हे झालं तर सकाळी कळायला मार्ग नाही. पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत झोपमोड करण्याइतका आहे. बॅटरी फारच खाली गेली असेल तर तो ती ओळखतच नाही, पडद्यावर काही येत नाही. यावर उपाय म्हणजे धनाला धन, ऋणाला ऋण अशी एक चांगली बॅटरी जम्पर केबलने थोडा वेळ समांतर जोडायची, चार्जरने काम सुरू केलं की काढायची. पण जी बॅटरी इतकी रसातळाला गेली आहे ती तेवढ्या खटपटीनंतर टिकते असं क्वचितच होतं.

आणि जे आवडलं तेही तितक्याच जोराने सांगते. उलटे चिमटे लावले तर तो चालू होत नाही, हे मी मुद्दाम करून बघितलं. भरल्यावर तो १३.६ च्या आसपास खाली येऊन थांबतो, त्यामुळे उभ्या गाडीला रोजच्या रोज लावून ठेवता येतो. माझ्या दृष्टीने याची खरी किंमत इथे वसूल होते. सल्फेशन झाल्यावर साठ टक्के परत मिळवण्यापेक्षा ते होऊच न देणं किती सोपं! बाबांची गाडी आता दर आठवड्याला एक रात्र याच्यावर असते आणि वहीतले आकडे खाली सरकलेले नाहीत.

कुणी घ्यावा? जिची गाडी बराच काळ उभी राहते, बॅटरीला बुचं आहेत आणि वय फार झालेलं नाही, तिने जरूर घ्यावा, हायड्रोमीटरसह. गाडी रोज तासभर चालते आणि तरीही बॅटरी उतरत असेल, तर आधी इंजिन चालू ठेवून टर्मिनलवर व्होल्टेज बघा. १३.८ ते १४.५ येत नसेल तर दोष अल्टरनेटरचा किंवा तो फिरवणाऱ्या पट्ट्याचा, बॅटरीचा नाही. ते ठीक असेल तर बंद गाडीत ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त कोण ओढतंय ते फ्यूज एकेक काढून शोधा. आणि एक सेल १.१०० वर, बाकीचे १.२५० वर असे आकडे आले, तर चार्जरवर खर्च करू नका, तेच पैसे नव्या बॅटरीत घाला.